सकाळी मुंबई, रात्री नागपूर

सदर : येणं-जाणं

नागपूरकराला मुंबईचं काम निघालं की सुट्टी तीन दिवसांची टाकावी लागायची. संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेस, सकाळी दादरला उतरून कुणा नातेवाइकाकडे आंघोळ, मग काम, आणि रात्री पुन्हा गाडी. काम बहुधा तासाभराचंच असायचं. मंत्रालयातली एखादी सही, मुलाची मुलाखत, नाहीतर परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयातली तपासणी. रेल्वेने हे अंतर ८३७ किलोमीटरचं आहे. दुरांतोलासुद्धा अकरा-बारा तास लागतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला, पण तो भिवंडीजवळ आमण्याला संपतो. पुढची मुंबई ज्याची त्याने गाठायची. शिवाय एवढा पल्ला मारून आलेल्याने त्याच दिवशी उलट पावली निघावं, असं कुणी जाणता माणूस सांगणार नाही.

विमानाला दीड तास लागतो. पहाटे निघायचं, दुपारपर्यंत काम उरकायचं, रात्री घरी जेवायला परत. ही एका दिवसाची ये-जा बेताच्या कमाईच्या घरांपर्यंत पोचवली ती स्वस्त विमान कंपन्यांनी. त्याबद्दल मी त्यांचे उपकार मानतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे तक्रारी आहेत आणि त्या मोठ्या आहेत.

नागपूरच्या विमानतळाचा एक जुना इतिहास नव्या पिढीला फारसा माहीत नाही. १९४९ मध्ये देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री सोनेगावला उतरत. इथे टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई आणि विमानं पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. रोज रात्री चार दिशांची ये-जा नागपुरात गाठ मारून जात होती. देशाच्या मध्यावर असण्याचा फायदा पत्रांना मिळाला. माणसांना तो मिळायला पुढची पन्नासेक वर्षं जावी लागली.

कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन २००३ मध्ये सुरू झाली. सैन्यातून बाहेर पडून शेती केलेला हा माणूस. एक रुपयाचं तिकीट काढून त्यांनी देशाचं लक्ष वेधलं आणि कंपनीचा चेहरा म्हणून निवडला तो आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’. ही निवड मला आजही फार मोलाची वाटते. धोतर, चौकटीचा कोट आणि गोल चष्मा घातलेल्या माणसानेही विमानात बसावं, असं त्या आधी कुणी म्हटलंच नव्हतं. ती कंपनी टिकली नाही. २००७ मध्ये ती किंगफिशरकडे गेली आणि २०१२ मध्ये किंगफिशरच बंद पडली. पण दार एकदा उघडलं ते उघडलं. २००५ मध्ये स्पाइसजेट आणि गोएअर आल्या, २००६ मध्ये इंडिगो. गोएअर मे २०२३ मध्ये थांबली. या धंद्यात नफ्याची कड फार पातळ असते, हे टीका करतानाही लक्षात ठेवलं पाहिजे.

स्वस्त तिकीट स्वस्त कसं होतं, हे प्रवाशाने समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण एका दिवसात जाऊन येणाऱ्याचं सगळं गणित त्यावर उभं आहे. विमान हवेत असतं तेव्हा कमावतं, जमिनीवर उभं राहिलं की खातं. अमेरिकेत साउथवेस्ट ही कंपनी १९७१ मध्ये सुरू झाली. वर्षभरातच पैशांच्या ओढाताणीत तिला चारपैकी एक विमान विकावं लागलं. वेळापत्रक मात्र चार विमानांचंच ठेवायचं होतं. तेव्हा तिथल्या लोकांनी ठरवलं की उतरलेलं विमान दहा मिनिटांत पुन्हा निघालं पाहिजे. तिथून हा धंदा जगभर पसरला. एकाच जातीची विमानं घेतली की वैमानिक, सुटे भाग, दुरुस्ती सगळं एकसारखं होतं. फुकट जेवण नाही, दाटीच्या खुर्च्या, आणि उतरल्यावर अर्ध्या तासाच्या आत पुन्हा उड्डाण. आपल्याकडेही असंच चालतं. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या मारतं.

एक दिवसाच्या प्रवाशाची मेख इथेच आहे. पहाटेचं विमान बहुधा रात्रभर विमानतळावरच उभं असतं, म्हणून ते सहसा वेळेवर सुटतं. संध्याकाळी तुम्हाला मुंबईहून परत आणणारं विमान मात्र तोवर चार गावं फिरून आलेलं असतं. सकाळी दिल्लीत धुकं पडलं आणि पहिल्याच फेरीला उशीर झाला, तर तो दिवसभर पुढच्या फेरीच्या गळ्यात पडत जातो. नागपूर आणि मुंबई दोन्हीकडे आकाश लख्ख असतं, आणि तुम्ही रात्री नऊला सांताक्रूझला बसून फलकाकडे बघत असता. म्हणून कुणी विचारलं की मी सांगतो, जातानाचं तिकीट स्वस्त बघून काढा, पण परतीचं वेळ बघून काढा. शेवटच्या विमानाच्या आधीचं घ्या. ते रद्द झालं तर मागे निदान एक उरतं.

हे सगळं ज्यांच्यासाठी लिहितोय ते लोक पहाटेच्या रांगेत दिसतात. गडचिरोली, यवतमाळ, वाशीमकडून रात्रीच गाडी करून आलेले. गेल्या हिवाळ्यात माझ्या पुढे एक बाप-लेक उभे होते. म्हाताऱ्याच्या गळ्याला मफलर, तोंडाला मास्क. मुलाच्या एका हातात टाटाची फाईल आणि दुसऱ्या हातात सीटी स्कॅनच्या फिल्मचा मोठा लिफाफा, तो वाकू नये म्हणून पुठ्ठ्याला रबर लावून धरलेला. काउंटरवर पिशवीचं वजन केलं तर हातातल्या सामानाच्या सात किलोच्या मर्यादेपेक्षा थोडं जास्त भरलं. मुलाने तिथेच पिशवी उघडली, स्वेटर काढून अंगावर चढवला, औषधांचा डबा खिशात कोंबला. लिफाफा वेगळा नग म्हणून मोजणार का, असं त्याने विचारलं तेव्हा काउंटरवरच्या मुलीने मान हलवून नाही म्हटलं, आणि मग स्वतःहूनच व्हीलचेअर मागवली.

रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट मोफत मिळतं. ही सवलत मोलाची आहे आणि ती कधीही जाऊ नये. पण केमो घेतलेल्या माणसाला चौदा तासांची गाडी, डब्यातला सामायिक संडास आणि मुक्कामाला परळच्या फुटपाथशेजारची खोली नको होते. त्याला रात्री स्वतःच्या अंथरुणात पडायचं असतं. नागपूरजवळ जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था उभी राहिल्यापासून पुष्कळ जणांची मुंबई टळली आहे. तरी ज्यांचे उपचार टाटात सुरू झाले त्यांना तपासणीला तिथेच बोलावतात. अशा घरांसाठी विमान ही चैन नाही. सोनं गहाण ठेवून तिकीट काढलेली माणसं मला माहीत आहेत.

म्हणून खुर्ची दाटीची आहे, चहाला जास्त पैसे घेतात, अशा तक्रारी मला गौण वाटतात. दीड तास उपाशी राहिल्याने कुणाचं बिघडत नाही. घरून पोळी-भाजी न्यावी. लोणच्याची बरणी तेवढी हातातल्या पिशवीत ठेवू नये, तपासणीत काढून घेतात. विमानतळाच्या काउंटरवर बोर्डिंग पास द्यायचे वेगळे पैसे घेता येत नाहीत, हे नागरी उड्डाण मंत्रालयाने जुलै २०२२ मध्येच स्पष्ट केलं आहे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई किंवा वडिलांच्या शेजारी जागा दिली पाहिजे, असा आदेश एप्रिल २०२४ मध्ये निघाला. रुग्ण आणि त्याचा सोबती यांनाही हीच हमी एक पैसा न मागता मिळायला हवी. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्याने प्रवासाला हरकत नसल्याचं डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवावं. नाहीतर दारातून परत पाठवू शकतात.

माझी खरी तक्रार भाड्याच्या उड्यांबद्दल आहे. महिनाभर आधी चार-साडेचार हजारांना दिसणारं तिकीट आदल्या दिवशी दहा-बारा हजारांवर जातं. ज्याची तारीख आधीपासून ठरलेली आहे तो स्वस्तात जातो. पण गाठ पुन्हा दिसते म्हणून परवा या, असा फोन ज्याला येतो, ज्याच्या घरी मयत होतं, ज्याला मुलाखतीचं पत्र उशिरा मिळतं, तो सगळ्यात जास्त पैसे मोजतो. गरज जितकी निकडीची तितकं भाडं चढं, हे मला पटत नाही. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपूरचं भाडं कुठे जातं, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये तर कळसच झाला. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले होते, त्याची तयारी इंडिगोची नव्हती, आणि एकाच दिवशी हजारावर उड्डाणं रद्द होण्याची पाळी आली. भाडी आभाळाला भिडली तेव्हा सरकारने ६ डिसेंबरला कमाल मर्यादा घातली. पाचशे ते हजार किलोमीटरच्या टप्प्याला १२,००० रुपये, कर वेगळे. नागपूर-मुंबई हवाई अंतर सातशेच्या आसपास, म्हणजे आपण याच टप्प्यात. जाऊन-येऊन एका माणसाचे २४,०००, सोबती धरून ४८,०००. ही सवलतीतली मर्यादा होती. वैमानिकांना विश्रांती मिळालीच पाहिजे, त्यात शंका नाही. पण देशातली साठ टक्क्यांहून अधिक वाहतूक एका कंपनीच्या हाती असली की तिची एक चूक सगळ्यांना भोवते.

नुकसानभरपाईचा नियम आहे, तो माहीत असावा. वेळेत सूचना न देता कंपनीने आपल्या कारणाने उड्डाण रद्द केलं, तर एक ते दोन तासांच्या मार्गावर ७,५०० रुपये किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातली जी रक्कम कमी असेल ती मिळते. चार हजारांच्या तिकिटावर ही भरपाई चार हजारांच्याही आतच राहते. हवामान खराब असेल तर तेवढीही नाही. तिकीट परताव्याविना असलं तरी ते रद्द केल्यावर सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळतंच. ते पुष्कळ जण मागत नाहीत, मागावं. मात्र हुकलेली टाटातली तारीख यातल्या कुठल्याही रकमेने भरून येत नाही.

उपाय नवा शोधायला नको. २७ एप्रिल २०१७ ला उडान योजनेतली पहिली विमानं निघाली, त्यात नांदेड-हैदराबादचं एक होतं. त्या योजनेत साधारण निम्म्या जागांना भाड्याची मर्यादा होती, तासाभराच्या प्रवासाला सुमारे अडीच हजार रुपये. ती लहान विमानतळांसाठी आणि सरकारी अनुदानावर होती. नागपूर-मुंबई हा धंद्याचा मार्ग आहे, त्याला अनुदान लागत नाही, हे मला मान्य आहे. पण विदर्भाला महाराष्ट्रात आणणाऱ्या १९५३ च्या नागपूर करारापासून राज्याने या भागाला जवळ ठेवण्याचा शब्द दिलेला आहे. सकाळच्या एका आणि संध्याकाळच्या एका उड्डाणात वीस जागा ठरलेल्या भाड्याने, शेवटच्या दिवसापर्यंत, रुग्णालयाचं पत्र दाखवणाऱ्याला मिळाव्यात. फरक राज्य सरकारने भरावा. हा खर्च एखाद्या उड्डाणपुलाच्या खर्चापुढे किरकोळ असेल.

जमिनीवरचा प्रवासही सोपा करता येण्यासारखा आहे. मुंबईत तो झाला आहे. मेट्रो तीन ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत धावते. टर्मिनल एकच्या स्थानकातून बसलं की दादर, आणि तिथून परळ टॅक्सीने जवळ. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झाला. तिकिटावर कुठला विमानतळ आहे ते नीट वाचा. अटल सेतूवरून शिवडीला उतरलं तर परळ तिथूनही लांब नाही, पण मोटारीला एका वेळचा पथकर २५० रुपये आहे आणि टॅक्सी वेगळी. नागपूरकडची बाजू मात्र अजून कच्ची आहे. पहाटेच्या विमानाच्या वेळी इथली मेट्रो सुरूच झालेली नसते. यवतमाळ किंवा चंद्रपूरच्या माणसाला तिकिटाच्या तोडीचे पैसे रात्रीच्या भाड्याच्या गाडीला द्यावे लागतात. एसटीने मध्यरात्री यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली आणि अमरावतीहून एकेक गाडी सोडावी. ती गणेशपेठेच्या बसस्थानकावर न थांबता साडेतीनपर्यंत थेट सोनेगावच्या विमानतळावर यावी, आणि रात्री मुंबईचं शेवटचं विमान उतरेपर्यंत परतीच्या गाडीने तिथेच थांबून राहावं.