आधी पायाची बोटं मोजा

विद्यार्थ्यांना सोलापूरच्या माळावर नेते तेव्हा मी लावा पक्ष्यांच्या छायाचित्रात आधी पाय बघायला लावते. झुडपी लावा मोर-कोंबडीच्या कुळातला, त्याला मागचं बोट असतं. पट्टेरी तीनबोटी लावा दिसतो तसाच, पण बोटं तीनच. त्याला पूर्वी क्रौंचांच्या गणात बसवलं होतं. डीएनएच्या अभ्यासानंतर तो टिटवी आणि कुरव पक्ष्यांच्या गणात गेला. त्याच्यात मादी मोठी, काळ्या गळ्याची. साद तीच घालते आणि अंडी नर उबवतो! इतकं वेगळं जगणं असताना पक्षीगणनेत दोघांची नोंद नुसती ‘लावा’ म्हणून व्हावी, हे मला मुळीच मान्य नाही. गवताळ माळ खणून झाडं लावण्याआधी तिथे यांपैकी कोण राहतं, ते वेगवेगळं नोंदवलंच पाहिजे.