स्वतःसाठी राखलेली घटका

कचेरीचे दप्तर, घरचा जमाखर्च आणि आल्यागेल्याची सरबराई यांची बिनचूक तजवीज करणारे आमचे वाचक स्वतःच्या सर्जनासाठी मात्र क्वचितच एखादी घटका राखतात, आणि ती राखणे ही चैन नसून मनःस्वास्थ्याची निकड आहे अशी आमची धारणा असल्यामुळे प्रस्तुत अंक आम्ही या विषयास वाहिला आहे.

खानदेशातील बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. जात्याचा खुंटा हाती असताना, शेतात राबताना त्यांना सुचलेली गाणी घरच्यांनी टिपून ठेवली म्हणूनच ती १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, ग्रंथरूपाने महाराष्ट्रापुढे आली. ही टिपून घेणारी आस्था आम्हांस प्रतिभेइतकीच मोलाची वाटते; म्हणून सवड काढणाऱ्यांबरोबरच ती मिळवून देणाऱ्या कुटुंबीयांविषयीही येथे लिहिले आहे. आपला अनुभव अवश्य कळवावा. अर्धवट शिवलेल्या गोधडीची हकीकतही आम्हांस हवी आहे.