लाल ठिपका की हिरवा?

विषय पाहून वाचक हसतील. आमच्या गावात परवान्याची बंदूक एकाच घरी, तीही निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होते. तिथल्या मुलाने पिस्तुलाच्या लेसरवर का लिहावे? पण अमेरिकेत ही घरगुती खरेदीची बाब आहे. 2008 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल बाळगणे हा नागरिकाचा हक्क ठरवला. मग त्यावर लेसर कोणता लावावा, याची चर्चा आलीच.

हिरवा ठिपका डोळ्यांना लालपेक्षा ठळक दिसतो. लाल उन्हात फिका पडतो, पण घरातल्या काळोखात पुरतो. लेसर बहुधा नळीच्या खाली बसवतात, म्हणून किरण आणि गोळी यांचा मेळ ठरावीक अंतरावरच बसतो. तो आधी जुळवून घ्यावा लागतो. हे सारे कबूल. पण गोळी कुठे लागेल हे ठिपका सांगतो, कुणाला लागेल हे सांगत नाही!

गेल्या माघात रात्रीच्या विजेवर पाणी देऊन वडील अवेळी परतले. मागचे दार करकरले, आईने कोयता उचलला, मी बॅटरी मारली. चिखलाने माखलेले वडील उभे!

माझे मत असे की, त्या मंडळींनी आधी बॅटरी घ्यावी, रंगाचे मागाहून पाहावे. बॅटरीही हातातली हवी. पिस्तुलावरच बसवली, तर माणूस ओळखायलाही नळी त्याच्यावर रोखावी लागते.

आईने त्या रात्री कोयता खाली ठेवला, पण चहा टाकताना तिचा हात थरथरतच होता.