मुठीने नव्हे, मापाने

मासा जितका खाईल तितका वाढेल, अशी आमच्या पुष्कळ बांधवांची समजूत आहे. पाहुण्याला आग्रह करून वाढण्याची आपली कोकणी रीत गोड खरी. पण पाळलेल्या माशाला तोच आग्रह केला, तर मालक बुडतो आणि पाणीही नासते. म्हणून आज या विषयावर चार शब्द.

आपल्यासारखेच एक बेट सिंगापूर. त्याच्या उत्तरेस यिशुन हे नगर आहे. अननस व रबराचे व्यापारी लिम नी सून यांचे नाव त्याला मिळाले. तेथील खातिब बोंग्सू या खारफुटीच्या किनाऱ्यावर पूर्वी कोळंबीची तळी होती. अशा तळ्यांत भरतीबरोबर पिल्ले आत येत, त्याच पाण्यातले खाऊन वाढत आणि ओहोटीला दारावर जाळे लावले की हाती लागत. आपल्या बाराश्वाची रीतही याच जातीची. भिंत माणसाने घालायची, जेवण समुद्राने द्यायचे.

ती तळी आता पडीक झाली. आज जोहोर सामुद्रधुनीत तरंगत्या पिंजऱ्यांतून मासे वाढवतात. त्यांतला एक मोठ्या मागणीचा मासा म्हणजे आपल्या अलिबागकडचा जिताडाच. पिंजऱ्यातल्या माशाला शोधून खाण्याची सोय नाही. आपण देऊ तेच त्याचे अन्न. म्हणजे भिंत घातली की जेवू घालण्याची जबाबदारीही आली.

ती कशी पाळावी? लहान पिल्लांचे पोट लहान आणि वाढ जलद. म्हणून त्यांना थोडे थोडे, दिवसातून अनेक वेळा द्यावे. उपाशी ठेवले तर जिताड्याची थोरली पिल्ले धाकट्यांना गिळतात. यासाठी आकाराप्रमाणे त्यांची निवडही करावी लागते. मासा मोठा झाला की दिवसाला एक-दोन वेळा पुरे. चिरलेली मासळी घालणारे सुमारे १०० ग्रॅमच्या जिताड्याला वजनाच्या ८ ते १० टक्के देतात, तर ६०० ग्रॅमच्या पुढे ३ ते ५ टक्के.

काय द्यावे हाही प्रश्न आहे. जिताडा मांसाहारी, त्याला भरपूर प्रथिने लागतात. एक किलो वाढीसाठी स्वस्त मासळी ४ ते ८ किलो लागते, चांगल्या कोरड्या गोळ्या दोन किलोंच्या आत भागवतात. स्वस्ताई कुठे राहिली? शिवाय ओली मासळी पाण्यात विरघळते, तळाशी कुजते आणि माशांचाच प्राणवायू खाते. खाल्ल्यावर माशाला प्राणवायू अधिक लागतो आणि उष्ण पाण्यात तो मुळातच कमी असतो.

सामुद्रधुनीच्या पूर्व भागात २०१५ साली विषारी शैवाल माजले आणि पिंजऱ्यांतले शेकडो टन मासे मेले. त्याचा दोष केवळ खाद्याला देणे अन्यायाचे होईल. पण कुजलेले अन्न शैवालाला खत पुरवते, हे विसरून चालणार नाही. सिंगापूरने २०३० पर्यंत ३० टक्के पोषण घरीच पिकवण्याचा निर्धार २०१९ साली जाहीर केला होता. २०२५ साली तो बाजूला ठेवून २०३५ साठी नवी लक्ष्ये ठरवावी लागली. पैसा आणि यंत्रे असलेल्या देशालाही हे काम सोपे गेले नाही.

आपल्याकडेही या शतकाच्या आरंभापासून महेबुर्गच्या बाजूला पिंजऱ्यांत मासे पाळले जात आहेत. आपल्या तरुणांनी या धंद्यात जरूर उतरावे, असे आमचे मत आहे. मात्र पिंजरा व पिल्ले देणाऱ्यांनी त्यांच्या हाती एक तराजू आणि एक वहीही द्यावी. किती घातले, किती उरले, पंधरवड्यात वजन किती वाढले, हे रोज लिहिले जावे. मासळीच्या धंद्यात सर्वांत मोठा खर्च खाद्याचा. त्याचा हिशोब नसेल तर नफ्याचाही नाही.

मासे खायचे मंदावले की हात आवरावा. आजी आपल्याला सांगत असे, पोटात दोन घास जागा ठेवावी. माशालाही तेच लागू आहे.