पेढीचा संगणक आणि खाजगी बाबी

पूर्वी रोजकीर्द मुनीमजींच्या हाती असे आणि घरची पत्रे शेठजींच्या कुलूपबंद पेटीत. आज दोन्ही एकाच संगणकात आली आहेत. त्याच संगणकावर मुनीमजी जीएसटीचे विवरणपत्र भरतात, चिरंजीव मालाचे भाव पाहतात आणि दुपारच्या निवांत वेळी कोणी आपल्या आजाराची माहिती वा मुलीसाठी स्थळ शोधतो. पुढे बसणाऱ्याने दोन अक्षरे टंकताच आधीच्याचा शोध समोर उभा राहतो आणि मनातली काळजी चारचौघांत उघडी पडते.

यावर अनेकजण ‘इन्कॉग्निटो’ खिडकीचा आश्रय घेतात. क्रोममध्ये ही सोय २००८ पासून आहे. अशा सर्व खिडक्या बंद करताच पाहिलेल्या पानांची यादी आणि कुकीज त्या संगणकावर उरत नाहीत. मात्र उतरवून घेतलेल्या फायली जागच्या जागीच राहतात. शिवाय इंटरनेट पुरवणारी कंपनी किंवा पेढीच्या नेटवर्कवर देखरेख करणारा, कोणती संकेतस्थळे पाहिली हे जाणू शकतो. याच खिडकीसंबंधी अमेरिकेत २०२० मध्ये गुगलवर दावा झाला; २०२४ च्या तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. सारांश, ही खिडकी शेजारच्या खुर्चीपासून आडोसा देते, त्यापलीकडे नाही.

अधिक भक्कम उपाय म्हणजे विंडोजमध्ये प्रत्येकासाठी स्वतंत्र खाते आणि स्वतंत्र पासवर्ड. जागेवरून उठताना विंडोजची कळ आणि एल एकत्र दाबावी. संगणक कुलूपबंद होतो. सामाईक खात्यात ब्राउझरला पासवर्ड जतन करू देऊ नये. संगणकाशी जोडलेले व्हॉट्सॲप मोबाईलमधील ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधून बंद करावे. अगदीच खाजगी बाब स्वतःच्या मोबाईलवर, स्वतःच्याच डेटावर पाहावी.

तरीही एक गोष्ट उरते. प्रशासक खाते ज्याच्या हाती, त्याला इतरांच्या फायली उघडता येतात; आणि हे खाते बहुधा मालकाकडे असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. व्यवहारापुरती देखरेख आवश्यक असेल, तर ती नोकरवर्गाला आधी स्पष्ट सांगूनच करावी. मुनीमजींच्या हाती तिजोरीची किल्ली विश्वासाने देणाऱ्या घराण्याने त्यांच्या आजाराची चौकशी यंत्राकडून करू नये; ती करायचीच तर त्यांच्याजवळ बसून, आपुलकीने करावी.