विश्लेषण : पत्त्यांतले ‘प्लेन्सवॉकर’ आणि तापीकाठचे चांगदेव

‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ १९९३ चा, रिचर्ड गारफिल्ड यांचा. त्यातले ‘प्लेन्सवॉकर’ म्हणजे एका विश्वातून दुसऱ्या विश्वात जाणारे मांत्रिक. २००७ पासून त्यांचे स्वतंत्र पत्ते आले. प्रत्येकावर ‘निष्ठे’चा आकडा, शक्ती वापरली की तो वाढतो किंवा घटतो, हल्ला झाला की उतरतो. शून्य झाला की मांत्रिक डावातून बाद.

पहिल्या पाचांतली चंद्रा नालार आगीशी खेळणारी. तिचे भारतीय धाटणीचे जग २०१६ मध्ये ‘कलादेश’ नावाने आले, आता ते ‘आविष्कार’ झाले आहे. नावे आपली, गोष्ट मात्र तिकडचीच.

भुसावळच्या पोरांना मोबाइलवर चंद्रा भेटते. चांगदेव तर शेजारीच, तापी-पूर्णेच्या संगमावर. आख्यायिकेत ते चौदाशे वर्षे जगलेले, वाघावर बसून हातात सापाचा चाबूक घेऊन निघालेले. पण ज्ञानेश्वरांना पत्र लिहिताना मायनाच सुचेना, म्हणून कागद कोराच पाठवला. एवढे जगूनही कोराच, असे मुक्ताबाई म्हणाली. उत्तर गेले ६५ ओव्यांचे, तीच ‘चांगदेव पासष्टी’. पुढे भावंडे भिंतीवर बसून सामोरी आली आणि चांगदेवांनी त्या लहान मुलीलाच गुरू केले.

सारी सिद्धी असलेला माणूस आपणहून पोरीपुढे बसतो, हे त्या पत्त्याच्या आकड्यात मावणारे नाही. खेळ जरूर खेळावा; पण गोष्ट म्हणून आपलीच सरस आहे. मुक्ताबाईचे मंदिरही त्याच मुक्ताईनगर तालुक्यात आहे, आणि महाशिवरात्रीला दोन्हीकडे यात्रा भरते.