शेजारच्या बोअरची किंमत

मराठवाड्यातल्या एखाद्या शिवारात बोअरची गाडी रात्रभर घरघरते आणि पहाटे सातशे फुटांवर दोन इंच पाणी लागतं. मालक नारळ फोडतो. काही दिवसांत शेजारच्या वावरातली विहीर तळ दाखवू लागते. मग तो शेजारीही उसनवारी करून आठशे फूट खाली जातो. यात कुणी कुणाला फसवलेलं नसतं. गाडीवाल्याला फुटाप्रमाणे पैसे मिळतात, पंपवाल्याचा माल खपतो. फक्त कोरड्या पडलेल्या विहिरीची भरपाई कुठल्याच पावतीवर नसते.

अर्थशास्त्र याला बाजाराचं अपयश म्हणतं. उपसणाऱ्याला फायदा पुरा मिळतो आणि तोटा गावभर वाटला जातो. त्यामुळे हात आखडता घेणाराच मूर्ख ठरतो. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी साठायला जागा मुळात थोडी. जे मुरतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. एकच भेग दहा जणांच्या शेतांखालून जाते, तरी 1882 च्या ईझमेंट कायद्यापासून जमीन ज्याची, तिच्या खालचं पाणीही त्याचं, हीच समजूत रुजलेली आहे.

उसाचं गणित याच मातीत जमतं. राज्याच्या लागवडीखालील क्षेत्रापैकी जेमतेम 4 टक्क्यांवरचा ऊस सिंचनाचं सुमारे 70 टक्के पाणी घेतो, असं कृषी खर्च आणि मूल्य आयोगानेच नोंदवलं आहे. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो. पण शेतकऱ्याला दोष कसा द्यायचा? उसाला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर आहे, ठरलेला खरेदीदार आहे. ज्वारी आणि तूर घेऊन बाजार समितीत गेलेल्याला तशी हमी मिळत नाही. त्यात 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीजबिल माफ झालं. कर्जात रुतलेल्या घराला तो मोठा आधार आहे. पण उपशाला वेसण घालणारा शेवटचा खर्चही त्यामुळे गेला. म्हणजे सरकारने बाजाराची चूक सुधारली नाही, उलट तिला बळ दिलं.

या चुकीची किंमत 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरने मोजली. मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर कापून रेल्वेने पाणी आणावं लागलं; पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर होतं. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, ज्यांनी आयुष्यात एकही बोअर मारला नाही, ती माणसं घागरी घेऊन रांगेत उभी होती. टंचाईत टँकरचं पाणी विकत घ्यायची वेळ सर्वांत आधी त्यांच्यावरच येते.

खरं तर महाराष्ट्राकडे 2009 चा भूजल कायदा आहे. 60 मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरींना तो आवर घालतो. सातशे-आठशे फुटांचे बोअर राजरोस होत असतील, तर त्या कायद्याचा धाक कुणाला उरला आहे?

धाकाशिवायही मार्ग निघाल्याचे दाखले याच मातीत आहेत. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, घरातल्या माणसांच्या संख्येवर वाटलं जाई. भूमिहीनाचाही त्यात वाटा होता आणि ऊस वर्ज्य होता. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने, पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने, शेतीसाठी बोअर मारणं बंद केलं. तिथे पावसाळा सरला की गावकरी पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढलं जातं, आणि रब्बीला काय पेरायचं ते उरलेल्या पाण्यावर ठरतं.